प्रार्थना आणि मजुरीचा हिशेब: लहान मंडळीनं न्यायाचं काम कसं हाती घ्यावं

मंडळीत मजुरीचा, जातीचा किंवा जमिनीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "राजकारण चर्चच्या बाहेर ठेवा." आणि तरुण संघातलं कुणीतरी पायऱ्या उतरता उतरता म्हणतं, "इथं नुसती गीतं गायची आणि घरी जायचं." ही दोन्ही वाक्यं बोलणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. दोघांचाही प्रभूवर जीव आहे, म्हणूनच दोघांना एकमेकांचा एवढा राग येतो.

मी मिरजेची. नर्स म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. महिला मंडळाचं काम बघते आणि घरगुती प्रार्थनासभेत वचन समजावून सांगायचं माझ्याकडे असतं. हे लिहितेय ते सांगली-साताऱ्याकडच्या लहान मंडळ्यांसाठी. त्यांच्याकडे ना प्रकल्प असतो, ना निधी. पण माणसं असतात, आणि कामाला तेवढं पुरतं.

माझं म्हणणं असं आहे की दान करायला आपण शिकलोय, हिशेब विचारायला शिकलेलो नाही. नाताळात ब्लँकेट वाटताना आपल्याला संकोच वाटत नाही. त्याच बाईची मजुरी कुणाच्या वहीत अडकलीय हे विचारायचं म्हटलं की जीभ जड होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आपल्यातल्या बायकांनी रात्र रात्र चपात्या लाटल्या. ते काम मोलाचंच होतं. पण पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे दाखवायला कागद नव्हते, तेव्हा तलाठ्याकडं त्यांच्याबरोबर जाणारे फार थोडे निघाले. चपाती आणि पंचनामा ही दोन्ही प्रभूचीच कामं आहेत. पुढचं सगळं त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

वचन कसं वाचायचं

सुरुवात पवित्र शास्त्रापासूनच करा. मोर्चापासून केलीत तर अर्धी मंडळी पहिल्याच आठवड्यात गळेल. आणि वचनाशिवाय हे काम आपल्याकडून लांबवर निभत नाही, असं मी बघत आलेय.

लेवीय १९ हा अध्याय घ्या. "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे वचन याच अध्यायातलं, अठराव्या ओवीतलं. ते सगळ्यांना पाठ असतं. आता मागंपुढं वाचा. नवव्या-दहाव्या ओवीत शेताच्या कडेचं पीक आणि सरवा गरिबाला व परक्याला सोडायला सांगितलंय. तेराव्यात मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, स्वतःजवळ ठेवायची नाही असं बजावलंय. पस्तिसाव्या-छत्तिसाव्यात खरा तराजू आणि खरी वजनं. आपल्या भागात हे शेवटचं समजावून सांगावं लागत नाही. वजनात फसवणारी काटामारी म्हणजे काय, हे कारखान्याला ऊस घालणाऱ्या प्रत्येकाला कळतं. शेजारप्रीतीचं वचन देवानं तराजू आणि मजुरी यांच्या मधोमध ठेवलंय, ते नुसतं तुमच्या बोटानं दाखवा. फार बोलू नका, लोक आपोआप बोलतात.

त्यानंतर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि कापणाऱ्यांचा आक्रोश परमेश्वराच्या कानी गेलाय, असं तो श्रीमंतांना तोंडावर सांगतो. हा भाग मी मुद्दाम गाळप सुरू झाल्यावर घेते, कारण त्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, सगळ्यांनाच दिसत असतात.

वाचताना तीनच प्रश्न ठेवा. काम कुणी केलं? पैसे कुणाच्या हातात गेले? हिशेब कुणी लिहिला? रूथचा दुसरा अध्याय, मत्तयातला द्राक्षमळ्याचा दाखला, नहेम्याचा पाचवा अध्याय, सगळीकडे हे प्रश्न लावून बघा. नहेम्यात लोक सांगतात की दुष्काळात धान्यासाठी आणि राजाचा कर भरायला आम्ही शेतं गहाण टाकली, पोरं गुलामीत दिली. आणि नहेम्या सावकारी करणाऱ्या आपल्याच भाऊबंदांना सभेत उभं करून शेतं परत द्यायला लावतो. जत-आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला हा अध्याय परका वाटत नाही.

आमच्या सभेत एक बाई येतात, सांगलीत चार घरची धुणीभांडी करतात. अनुवाद २४ मधलं वचन वाचलं होतं, मजुराला सूर्य मावळायच्या आत मजुरी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलाय. त्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, महिन्याची एक तारीख रविवारी आली की आमच्या घरची भाजी दोन दिवस थांबते. मालकीणबाई चांगल्या आहेत, पण सोमवारी त्यांना आठवत नाही." त्या दिवशी दुसरं स्पष्टीकरण द्यायची गरज पडली नाही.

"राजकारण नको" म्हणणाऱ्यांसाठी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली. प्रेषितांनी त्यांना "प्रार्थना करा, सोसा" असं सांगितलं नाही. स्वतः प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडलीही नाही. वाटपावर सात माणसं नेमली, आणि त्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडंच कारभार दिला. वाद घालणाऱ्या दोन्ही गटांना मी हाच अध्याय वाचायला देते.

"गरीब नेहमीच तुमच्याजवळ आहेत" हे प्रभूचं वाक्य कुणी पुढं केलं, तर अनुवाद १५:११ उघडायला सांगा. तिथं गरीब देशातून नाहीसे होणार नाहीत असं म्हटलंय, आणि लगेच पुढं म्हटलंय की म्हणून तू आपला हात सैल सोड.

पहिला हिशेब आपल्या घरचा

बाहेर कुणाला जाब विचारायच्या आधी पास्टरेट कमिटीनं, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीनं, एक संध्याकाळ फक्त आपल्या वह्यांसाठी द्यावी. चर्च झाडणाऱ्या बाईंना काय मिळतं? शेवटचं कधी वाढवलं? कब्रस्तानात खड्डा खणणाऱ्याला मजुरी कोण देतं, चर्च की दुःखात असलेलं घर, आणि ते घर गरीब असलं तर? आपल्या मंडळीच्या शाळेत किंवा दवाखान्यात कंत्राटावर कोण आहे आणि किती वर्षं? वारलेल्या पाळकांच्या पत्नीचं कसं चाललंय? हे प्रश्न कुणाला कमी लेखायला विचारायचे नाहीत. कागदावर आकडे मांडले आणि मोठ्यानं वाचले की बहुतेक वेळा लोक स्वतःच म्हणतात, हे बदलू या. बदलायला पैसे लागतातच. हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या पिकाच्या लिलावातून जे येतं त्यातला ठरलेला भाग आधी यासाठी बाजूला काढा, रंगरंगोटी नंतर.

मग जात. यावर मी स्पष्ट बोलणार आहे. प्रभुभोजनाला आपण एका भाकरीतून खातो आणि सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" असं अजूनही विचारतो. मिशनच्या काळापासून एकाच बाकावर बसणारी घरं लग्नाच्या वेळी दोन बाजूंना होतात. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळकट कपड्यांतल्याला पायाशी जागा देण्याबद्दल लिहिलंय. तो अध्याय लग्न ठरवायच्या वयाच्या मुलामुलींच्या आईवडिलांबरोबर वाचा. अवघड जाईल. तरी वाचा. जातीवर बोलायला ज्या मंडळीला घरात जमत नाही, तिला बाहेरच्या वस्तीत कुणी विश्वासानं जवळ करत नाही.

फडावर जाताना

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत कुठलाही एक प्रश्न घ्यायचा म्हटला तर मी ऊसतोडीचा घेईन. दुष्काळी तालुक्यांतून, बीडकडून, कर्नाटकातून टोळ्या येतात. दसऱ्याच्या आसपास टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोडायचं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्याचा, म्हणून बाईच्या कामाचे पैसे वेगळे कधी दिसतच नाहीत.

जायचं संध्याकाळी. पहाटे तीन-चारला ही माणसं उठतात, त्यामुळं रात्री उशिरा बसू नये आणि सकाळी तर जाऊच नये. पहिल्यांदा त्या गावच्या आशाताईंबरोबर किंवा जिल्हा परिषद शाळेच्या बाईंबरोबर जा, कोपीतले लोक त्यांना ओळखतात. मुकादमाला चोरून जायचं नाही. त्याला नमस्कार करा, कुठून आलाय विचारा, का आलोय ते सांगा.

फोटो काढू नका. नवा करार, पत्रकं, प्रभूचं चित्र असलेलं कॅलेंडर, यातलं काही बरोबर नेऊ नका. हे मी श्रद्धा कमी पडते म्हणून सांगत नाही. कर्जात आणि परमुलखात अडकलेल्या माणसाला "नको" म्हणायची मोकळीक नसते, आणि जिथं नाही म्हणता येत नाही तिथं सुवार्ता सांगणं मला प्रभूच्या रीतीचं वाटत नाही. शिवाय धर्मांतराचा आळ आला तर भोगावं त्या कुटुंबांना लागतं. कुणी विचारलं "तुम्ही कोण?" तर सरळ सांगा, ख्रिस्ती आहोत, अमुक मंडळीचे. लपवायचं काही नाही.

गेल्यावर ऐका. एक तरुण बाई आठवतात, वीस-बावीसच्या असतील. कोपीच्या दारात बसून तळहाताला गुंडाळलेल्या चिंध्या सोडत होत्या. उसाच्या पात्यानं मनगटापासून कोपरापर्यंत बारीक चिरा पडलेल्या, काही जुन्या काळ्या, काही त्या दिवशीच्या. शेजारी साडीच्या झोळीत बाळ. पाणी मोटारीवरून आणलेलं, खताच्या जुन्या कॅनमध्ये. मी नर्स, माझं लक्ष आधी कॅनवर गेलं. बोलणं मात्र त्यांनी दुसरंच काढलं: "किती टन झाला ते आम्हाला कळतच नाही. मालक म्हणतो मुकादमाला विचार, मुकादम म्हणतो शेवटी बघू." मग त्यांनी चोळीतून एक घडी केलेली काटापावती काढली. वाचता येत नसताना ती जपून ठेवली होती.

बायकांच्या तब्येतीबद्दल एवढं सांगते. फडावर शौचालय नसतं, पाळीच्या दिवसांतही सुट्टी घेतली तर खाडा धरून पैसे कापले जातात, म्हणून दुखणं अंगावर काढतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मंडळीत नर्स किंवा डॉक्टर असतील तर त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी, आणि कुणी पिशवी काढायला सांगितलीय असं कळलं तर सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्यायला बरोबर जावं. बरोबर जाणं महत्त्वाचं. नुसतं "जा" म्हणून त्या जात नाहीत, कारण गेलं की खाडा पडतो.

एक वही

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे वही. खिशात मावेल अशी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर दोघांची नावं लिहायची, आधी बाईचं. त्यानंतर रकाने: तारीख, फड कुणाचा, किती टन, उचलीतून किती वळते झाले, खाडा किती धरला, रोख किती हातात आलं. उचल घेतली त्या दिवसाची रक्कम शेवटच्या पानावर, आणि शक्य असेल तर मुकादमाची सही. लिहिता येत नसेल तर टोळीत एखादं शाळेत गेलेलं पोर असतंच, त्याला शिकवा. काटापावतीचा मोबाइलवर फोटो ठेवायला सांगा, कारण कागद घामानं आणि पाण्यानं महिन्यात विरतो. त्या हंगामाचा टनामागचा दर काय ठरलाय, तो ऊसतोड कामगारांच्या संघटनेकडून विचारून घ्या आणि वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यात लिहा.

वही आपण ठेवायची नाही. ती त्यांच्याजवळ राहिली पाहिजे.

मुकादमाला यानं राग येतो का? काहींना येतो. पण मुकादमही बहुतेक वेळा कुणाच्या तरी पैशाखाली दबलेला असतो. ट्रॅक्टरमालकाकडून लाखांत उचल घेतली आणि टोळी आलीच नाही, मालक कर्जात बुडाला, अशी उदाहरणं आपल्या जिल्ह्यात घरोघर ऐकायला मिळतील. वही खरी असली तर ती त्यालाही उपयोगी आहे, हे त्याला शांतपणे सांगता येतं. न्याय मागायचा तो सगळ्यांसाठी मागायचा, ट्रॅक्टरमालकासाठीसुद्धा.

कचेरीतली कामं

अर्ज साध्या मराठीत लिहा. त्यात वचन घालू नका, भावनिक प्रस्तावना नको. कोण, कुठं, काय मागणी, कुठल्या नियमानुसार. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही असं समजा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शाळेचं काम सगळ्यात आधी होतं, म्हणून तिथून सुरू करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं. वयाचा पुरावा नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांशी गोडीनं बोला, बहुतेकांना मुलं हवीच असतात. अडचण असते ती कोप्यांपासून शाळेपर्यंतच्या रस्त्याची आणि धाकट्या भावंडाला सांभाळायची. तिथं तुमच्या तरुण संघाचा उपयोग आहे.

रेशन आता दुसऱ्या गावीही उचलता येतं, आणि घरच्या म्हाताऱ्यांचा वाटा गावाकडं ठेवून इथल्यांचा वाटा इथं घेता येतो. हे पुष्कळ कुटुंबांना माहीतच नसतं. गरोदर बाई आणि लहान मुलांचा आहार अंगणवाडीतून मिळतो. सेविकेकडं नाव नोंदवायला मात्र कुणीतरी बरोबर लागतं.

उचल फिटेपर्यंत जाऊ देत नाहीत, मारहाण झाली, मुलाला ठेवून घेतलं, असं काही कळलं तर ते मंडळीनं एकट्यानं हाताळायचं नाही. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. त्यात जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आणि जिल्हा व उपविभागाच्या दक्षता समित्यांची आहे. मूल अडचणीत असेल तर फोन १०९८. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कामगार आणि बिगारीला बळी पडलेली माणसं यांना तिथं फी लागत नाही. हे फोन नंबर चर्चच्या नोटीस बोर्डावर कायम लावून ठेवा.

आपल्यातल्या शेतकऱ्यांशी बोलताना

इथं पुष्कळ जण चुकीच्या टोकाला जातात आणि ऊसमालकाला खलनायक करून टाकतात. आपल्या मंडळीतला शेतकरी दीड-दोन एकराचा असतो. तोडणी यावी म्हणून त्याला खुशाली म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, वाहनाच्या एंट्रीचे वेगळे द्यावे लागतात, आणि पाळी चुकली की उभा ऊस वाळतो. त्याच्याशी बोलायला सुरुवात त्याच्या हक्कापासून करा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर व्याज. त्यासाठी तो आंदोलनाला जातो, आणि बरोबरच जातो. मग विचारा: चौदा दिवस तुम्हाला जड जातात, तर ज्यानं तो ऊस तोडला त्याला सहा महिने हिशेब न दिसणं कसं जात असेल? हा प्रश्न मी चार माणसांत न विचारता घरी जाऊन, चहा घेताना विचारते. आमच्यातल्या काहींनी त्यानंतर फडावर पिण्याच्या पाण्याची टाकी ठेवली, कोप्यांपर्यंत वीज ओढून दिली. वाढ्यांवरून, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवरून, होणारी भांडणं थांबवली.

प्रार्थना कुठं बसते

कामाच्या मधोमध. फडावरून आलेली माणसं रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावं न घेता गरज मांडतात: एका बाईच्या हाताला जखम चिघळलीय, एका टोळीचा हिशेब अडलाय, तहसीलदारांनी बुधवारी बोलावलंय. अशा प्रार्थनेनंतर "बुधवारी कोण येणार?" हे आपोआप विचारलं जातं. काम फसलं तर स्तोत्र १० वाचा. "हे परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस?" असं ते सुरू होतं. देवाशी असं बोलायची परवानगी शास्त्रानंच दिलीय. तरुणांना हे फार भिडतं, कारण त्यांचा राग त्यांना चर्चबाहेर ठेवून यावं लागत नाही.

याच मातीत हे आधी झालेलं आहे. पंडिता रमाबाई केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये उपास-प्रार्थना करत होत्या, दुष्काळातल्या मुलींना आणत होत्या, आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात उघड लिहीत होत्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत उभी केली, आणि तिचं दार बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही उघडं ठेवलं. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्याच परंपरेच्या ऋणात आहेत.

इतरांबरोबर

एकट्या मंडळीनं हे काम करू नये. बौद्ध वस्तीतले कार्यकर्ते, कामगार संघटनेची माणसं, सत्यशोधक विचारांचे शिक्षक, मशिदीचे तरुण, यांच्यातल्या काहींना या कामाचा आपल्याहून कितीतरी जास्त अनुभव आहे. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण साताऱ्याचं, त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवली. ही माणसं ख्रिस्ती नव्हती. त्यांच्या वारसांकडं शिकायला जाताना बॅनर घरी ठेवा, वही-पेन न्या.

आपल्यावरचा अन्यायही बोलायला हवा. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून १० ऑगस्ट काळा दिवस पाळतात. त्या दिवशी जरूर उभं राहा. फक्त त्या सभेला ऊसतोडीच्या, सफाई कामगारांच्या माणसांनाही बोलायला बोलवा. आपल्या हक्कापुरतंच बोलणारी मंडळी लोकांच्या लगेच लक्षात येते.

हंगाम संपताना

गाळप बंद व्हायच्या दोन आठवडे आधी कामाला लागा. वह्या उघडून कुटुंबाबरोबर बेरीज करा, मुकादमाच्या वहीशी ताडून बघा, फरक असेल तर तिथंच, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता विचारा. नंतर गावी गेलेल्या माणसाचा हिशेब कुणी करत नाही. मुलांचा शाळेचा दाखला आणि हजेरीचं पत्र आदल्या दिवशीच आईच्या हातात द्या, कारण ट्रॅक्टर पहाटे निघतात आणि मुख्याध्यापक दहाला येतात. बाळाचं लसीकरणाचं कार्ड वहीतच ठेवायला सांगा. त्यांच्या गावच्या आशाताईंचा नंबर मिळाला तर आपल्या आशाताईंना द्या. पुढच्या हंगामाची पहिली बैठक सप्टेंबरात घ्या, उचलीचे पैसे हातात पडायच्या आधी. आणि त्या बैठकीला कमिटीतल्या त्या वडीलधाऱ्यालाही बोलवा, ज्यांना हे राजकारण वाटतं. त्यांच्याकडं वह्यांचा गठ्ठा आणि बेरजेचं काम सोपवा, हिशेबाला ती माणसं पक्की असतात.